कलमाच्या खालची फूट

ब्रदर शमुवेल नावाच्या उपदेशकाने माझ्या थोरल्या बहिणीला फसवले, आणि त्याला तिच्या ओसरीची वाट दाखवणारी मी. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना मला कोणी भोळी समजणार नाही. नगरच्या बाजारात मी वीस वर्षे फळांचा व्यापार करते. डोक्यावरच्या पाटीपासून सुरुवात केली, आज स्वतःचा गाळा आहे. वर टपोरी फळे आणि तळाला दबकी लावणारा बागाईतदार मी पेटी न उघडता ओळखते. पण शमुवेलच्या बाबतीत मी वरचाच थर पाहिला. नगरच्या चर्चमधल्या उपासनेत त्याने डोळ्यांत पाणी आणून केलेली प्रार्थना ऐकली आणि मीच त्याला ताईचा पत्ता दिला.

नव्वदचे दशक सरत आले होते. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, दाजींचे पोस्टकार्ड आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांनी दिंडोरीच्या पुढे एकरभर द्राक्षबाग लावली होती. माणूस मोजके बोलणारा. कार्डावर तीनच ओळी होत्या: ताईचा पाय बरा नाही. दवाखान्यात येत नाही. तू ये.

सकाळची नाशिकची गाडी धरली. संगमनेर सोडले आणि सिन्नरच्या अलीकडे गाडीचा टायर बसला. खाली उतरलो तर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी सीताफळे घेऊन बसलेली. मी एकेक फळ दाबून पाहू लागले.

"बाई, फळ घ्यायचंय का मालिश करायचीय?" म्हातारी म्हणाली.

सगळी गाडी हसली. मी भडकले, तिच्याशी घासाघीस केली आणि शेवटी तिनेच मला दोन कच्ची फळे बांधून दिली, हे मला नाशिक आल्यावर कळले. तेव्हा राग आला. आता वाटते, त्या दिवसाची ती सगळ्यात स्वस्त फसवणूक होती.

नाशिकला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याची तर्री, वर पापड, सोबत दही. घाम पुसत पुसत रिक्षावाल्याशी भांडले, त्याला सोडून दिंडोरीच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसले. शहर मागे पडले आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव (वेल चढवायला तारांनी केलेले छत) सुरू झाले. वीस वर्षे मी द्राक्षे विकली, पण ती खोक्यात पाहिलेली. वेलावर अशी जवळून कधी पाहिलीच नव्हती. कोवळी पाने, मोहरीएवढ्या मण्यांचे घड, खाली गार सावली. मन शांत झाले. ती शांतता ताईच्या दारापर्यंतच टिकली.

दारात वास आला. आंबलेल्या फळाच्या कोठीत येतो तसा, पण त्यात गोडवा नव्हता.

ताई खाटेवर बसली होती. तिने माझ्याकडे हसून पाहिले, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला पाहिले. "आलीस? चहा टाका हो, हिला ताकाचा राग आहे."

"ताई, तुला मी दिसते का?"

"उजेडात दिसतेस."

मी तिच्या पायावरचे फडके सोडले. ते प्रार्थनेच्या तेलात भिजलेले होते. तिसरे आणि चौथे बोट काळे पडले होते. बाजारात माझा आवाज चार गाळ्यांपलीकडे जातो; इथे मी हळूच विचारले.

"साखरेचं इंजेक्शन घेतेस ना?"

"आठ महिने झाले, सोडलं. मी बरी झालेय."

"हा बरा झालेला पाय आहे?"

"ही नुसती लक्षणं. ब्रदर म्हणतात, लक्षणांकडे बघायचं नाही. बघितलं की अविश्वास शिरतो."

दाजी चहा घेऊन आले. ते म्हणाले, "दर रविवारी तो हिला गाडीवर बसवून नेतो. कधी पेठ, कधी सुरगाणा. ही उभी राहते आणि मी बरी झाले अशी साक्ष देते. लोक टाळ्या वाजवतात."

"मग आता दवाखान्यात कशी जाऊ?" ताई माझ्यावरच चिडली. "माझं ऐकून किती जण विश्वासात आले. मी सुई टोचून घेतली तर त्यांचं काय होईल?"

तेव्हा मला सौदा समजला. त्याने तिला औषध सोडायला लावले एवढेच नव्हते. तिच्याच तोंडून वदवून घेऊन परतीची वाट बुजवली होती. मी ओरडले, रडले, धमक्या दिल्या. ताई भिंतीकडे तोंड करून निजली.

सकाळी दाजींनी तिची खाट बागेच्या कडेला आणली. मांडवाखाली पेठकडच्या बायका विरळणी करत होत्या (दाटलेल्या घडातले जादा मणी कात्रीने काढण्याचे काम). त्यांची मुकादम हिराबाई. मी रांगेतून चालत होते. एक वेल सगळ्यांत उठून दिसला. पाने तळहातापेक्षा मोठी, तुकतुकीत, एकावरही डाग नाही. शेजारचे वेल त्याच्यापुढे उपाशी वाटत होते.

"दाजी, सगळी बाग अशी असती तर मी आजच सौदा केला असता."

हिराबाईने कात्री थांबवली. "मावशे, त्या येलाचा एक तरी घड दाव."

मी वर पाहिले. पाने बाजूला केली. दुसरी फांदी, तिसरी फांदी. एकही घड नव्हता.

"ती रानफूट हाय. लय हिरवी, लय पळती. द्राक्ष नाय देत. आन् शेजारच्या दोन येलांवर सावली धरून बसली, त्यांचे घड बघ कसे झालेत." हिराबाई हसली. "मालकाला कवाची सांगतेय, तोडा. मालकाचा हात व्हत नाय."

दाजी खाली बघत म्हणाले, "कलम बांधतात ते रानद्राक्षाच्या खुंटावर (मूळझाडावर). या वेलाचं वरचं कलम पहिल्याच वर्षी मेलं. खुंटाला खालून फूट आली. मी कारखान्यातला माणूस, मला वाटलं कलमच जोर धरतंय. मीच सुतळीने बांधून वर चढवली तिला. पाव्हणे आले की हीच दाखवायचो."

"मग ओळखायचं कसं?" मी विचारले.

"आता घड नाहीत म्हणून कळतं. पण तोवर वर्ष जातं. आधी ओळखायचं तर वर बघायचंच नाही. बुडाशी वाकायचं. कलमाचा सांधा हाताला लागतो. फूट सांध्याच्या वरून निघाली की खालून, एवढंच बघायचं."

"मला न्या तिकडे," ताई खाटेवरून म्हणाली.

आम्ही दोघांनी तिला धरून नेले. ती वेलाशी बसली. डोळ्यांनी नीट दिसत नव्हते, म्हणून ती जाड फांदी हाताने चाचपत खाली आली. जमिनीपासून वीतभर वर एक गाठ होती. गाठीच्या वर बोटभर वाळका ठुडका. गाठीच्या खालून ती हिरवी फांदी निघाली होती. ताईचा हात तिथे बराच वेळ होता. बायबलातला वेल आणि फाट्यांचा (फांद्यांचा) दाखला आम्ही दोघी लहानपणापासून ऐकत आलो. फाटा वेलात असला पाहिजे, हे तोंडपाठ. वाकून तपासायचे असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

"तू त्याला आणलंस," ताई मला म्हणाली. "तो कुठून आला, विचारलं होतंस?"

"नाही."

"मी पण नाही."

दवाखान्यात चला, असे ताईच म्हणाली. जीप सांगायला दाजी निघाले, तेवढ्यात मोटारसायकल वाजली. पांढरा शर्ट, हसरा चेहरा, ब्रदर शमुवेल. हिरव्या पानासारखा तुकतुकीत.

"ताई, रविवारी पेठला साक्ष आहे. लोक वाट बघतायत."

"ब्रदर, तुम्ही कुठल्या मंडळीतले (चर्चमधले)?" ताईने विचारले.

"मी थेट पित्याचा."

"ते आम्ही सगळेच. तुमचं चुकलं तर तुम्हाला दटावणारं कोण आहे?"

तो हसला. खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "वाचा. तुमच्याच नगरच्या मंडळीचं पत्र आहे."

मी वाचले. 'विश्वासू सेवक, सर्व मंडळ्यांनी याचा स्वीकार करावा.' खाली मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पाच पंचांच्या सह्या. पाचही माणसे माझ्या गाळ्यावरून नाताळची फळे नेतात. मी पत्र परत दिलेच नाही. पिशवीत टाकले. तो हात पुढे करून उभा राहिला, मी तशीच उभी राहिले.

"दवाखान्यात गेलात आणि पाय गेला, तर तो तुमच्या अविश्वासाने जाईल," तो ताईला म्हणाला.

"जाऊ दे," ताई म्हणाली. "पण मी बरी झाले नव्हते, हे पेठला मी स्वतः सांगणार आहे."

नाशिकला गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आम्हा दोघांवर ओरडले. बरोबरच होते ते. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर ताईने पायाबद्दल विचारले नाही. "पेठची यशोदा," ती म्हणाली. "माझी साक्ष ऐकून तिने क्षयाच्या गोळ्या सोडल्या. आधी तिच्याकडे जा कोणीतरी."

दाजी पहिल्या गाडीने गेले. संध्याकाळी परतले ते टोपी हातात धरून. यशोदेला दिवाळीच्या आधीच पुरले होते. ताईला हे सांगायचे कोणी, यावर आम्ही व्हरांड्यात तासभर बसलो. शेवटी मी सांगितले. ती रडली नाही. तिने चादर तोंडावर ओढली, आणि त्या चादरीखालून जो आवाज आला तो मी कोणाला ऐकवू इच्छित नाही.

पंधरा दिवसांनी नगरला परतले. घरी न जाता पिशवी घेऊन थेट पंचांच्या चिटणिसांकडे गेले. पत्र त्यांच्या टेबलावर ठेवले.

त्यांनी चष्मा लावला, काढला. "बाई, तो इथेही असंच करत होता. एकीचं दम्याचं औषध सोडवलं. आम्हाला तंटा नको होता. त्याने इथून जावं म्हणून चांगलं पत्र दिलं. वाईट लिहिलं असतं तर त्याला कोणी घेतलं असतं का?"

दबकी फळे मी आयुष्यभर पाहिली. पण कुजलेली पेटी, आपल्या हाताने चांगला शिक्का मारून, दुसऱ्याच्या घरी पाठवणारे बागाईतदार मी पाहिले नव्हते. शमुवेलला ओळखायला मी चुकले, ती चूक माझ्या नावावर राहील. या पाच जणांनी तर त्याला ओळखले होते.

म्हणून हे लिहिते, आणि छापून सगळ्या मंडळ्यांना देणार आहे. सह्या करणाऱ्या पाचही पंचांनी पेठला जावे. यशोदेच्या नवऱ्यासमोर उभे राहून ते पत्र पहिल्या शब्दापासून सह्यांपर्यंत मोठ्याने वाचावे, आणि तो जे विचारेल त्याला उत्तर द्यावे. ताई कुबड्या घेऊन येणार आहे. मीही येईन, पत्ता मी दिला होता. पत्र माझ्याकडे आहे. कोणत्या दिवशी निघता, ते सांगा.