पहिला रंग घरच्या टाकीत

अनुसयाबाई केदारी यांची आणि माझी पहिली भेट लोणावळ्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात झाली. ऐन सुट्टीतला शनिवार होता. गावभर पर्यटकांच्या गाड्या आणि दुकानात उलटीच्या गोळ्या मागणाऱ्यांची ही झुंबड. त्या गर्दीतून नऊवारी नेसलेल्या एक बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, जुलाबावरच्या त्या मीठ-साखरेच्या पुड्या हायेत का? असतील तेवढ्या समद्या द्या."

मी आपलं थट्टेनं म्हटलं, "मावशी, दुकान टाकताय की काय?"

"दुकान न्हाई. वाडीतली निम्मी पोरं आडवी झालीत. इहिरीचं पाणी नासलंय."

माझं हसणं जागच्या जागी थांबलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागोमाग वाडीवर गेले. औंढे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी ही वाडी आहे. वरून येणारा ओढा भाड्यानं दिल्या जाणाऱ्या बंगल्यांच्या मागून उतरतो, वाडीच्या विहिरीला वळसा घालतो आणि पुढे इंद्रायणीला मिळतो. पावसाचे चार महिने सोडले तर वाडीला त्या एका विहिरीचाच आधार. तिथं जे पाहिलं ते, बाई गं, आजही डोळ्यांपुढून जात नाही. पाण्यावर फेस, दगडांवर राखाडी बुळबुळीत थर, काठाला उलटे पडलेले खेकडे. नाकावरचा पदर काढवेना. माझा जन्म लोणावळ्यातला. आपल्या गावाच्या पाठीमागे असलं काही वाहत असेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं!

मावशींचं काम तिथून सुरू झालं आणि आम्ही काहीजणी त्यात ओढल्या गेलो. त्यांच्या ओट्यावर ओढा राखण मंडळ स्थापन झालं. मंडळ म्हणजे काय, तर मावशी, शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या शेवंताबाई, वाडीतल्या दहा-बारा बायका आणि मी. उन्हाळ्यात ओढ्यातला गाळ उपसायचा, पोत्यांत माती भरून बंधारे घालायचे, ओढ्यात गाड्या धुणाऱ्यांना हात जोडून सांगायचं आणि न ऐकणाऱ्यांच्या गाडीपुढे जाऊन बसायचं. मावशी गाडीपुढे बसल्या की तंबाखू मळायला घेत. मग भल्याभल्या मोटारवाल्यांची भाषा मऊ होई.

पण पाणी काही सुधारेना. वरच्या बंगल्यांतून मैला येतोय हे दिसत होतं आणि प्रत्येक बंगलेवाला सांगत होता, "आमची टाकी पक्की आहे, दुसरीकडे बघा." अर्ज देऊन झाले, साहेब लोक येऊन चहा पिऊन गेले. तेव्हा मी सुचवलं की प्रत्येक टाकीत रंग टाकून बघू. ज्याचा रंग ओढ्यात उतरेल तो चोर. मी रंगपंचमीचा पक्का रंग आणायला निघालेच होते. मावशींनी अडवलं. "खाली गुरं पाणी पित्यात, ताई. जिलबीत घालत्यात तो रंग आना." मग बाजारपेठेतल्या हलवायाकडून लाल, हिरवा, केशरी असे खायचे रंग आणले. सगळं उघडपणे करायचं, मालकांना सांगून करायचं, असा मावशींचा आग्रह होता. एका बंगल्याचा मॅनेजर हसत म्हणाला, "आजी, आधी तुमच्या पोराच्या बंगल्यात टाका की! मग आमच्याकडे या."

मावशींच्या मुलानं, दत्तानं, वरच्या शेताच्या कडेला छोटा बंगला बांधला होता, पोहायच्या टँकसकट. धंदा नुकता कुठे बसत होता. मावशी म्हणाल्या, "टाकते की. त्यात काय?" त्या टाकीचा खड्डा त्यांच्या डोळ्यांदेखत खणलेला होता. त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती, आमच्याही नव्हती. दत्ता बाजारात गेला होता. मावशींनी स्वतःच्या हातानं झाकण सरकवलं, लाल रंगाची बादली टाकीत ओतली आणि घरातले नळ सोडले. बघायला आलेल्या त्या मॅनेजरला म्हणाल्या, "चला, आता तुमच्याकडं."

तेवढ्यात खाली ओढ्याशी बसलेल्या शेवंताबाई चढण चढून वर आल्या. त्यांनी हात ओढ्याकडे दाखवला.

आम्ही धावलो. दगडांच्या आडून लालभडक ओघळ उतरत होता आणि विहिरीच्या बाजूला सरकत होता. कुणी कुणाकडे बघेना. मावशी वाकल्या, हातानं दगड बाजूला केले. खाली पाइप होता. टाकी भरली की उरलेलं ओढ्यात सोडणारा पाइप.

दत्ता परतल्यावर म्हणाला, "आये, शीजनला टाकी उपसायची गाडी बोलावली तर चार-चार दिस येत न्हाई. गिऱ्हाईक थांबतंय व्हय?" मावशी तडक टँकपाशी गेल्या. पाहुणे पोहत होते. त्यांना हात जोडून बाहेर काढलं, पैसे परत करायला लावले आणि फाटकाला कुलूप घातलं. भर सुट्टीत! आणि मग त्यांनी जे केलं, ते पाहून मी हादरून गेले. ज्या ज्या घरात मूल आजारी पडलं होतं, त्या प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी त्या गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुमच्या लेकराला आमच्या घरानं घाण पाजली. काय बोलायचं ते मला बोला." शेवंताबाईंचा नातू सगळ्यांत जास्त आजारी होता. तिथं मावशी उंबऱ्यातच खाली बसल्या. शेवंताबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यानंतर नाही म्हणायला कुणाला तोंड उरलं नाही. एकेका टाकीत रंग पडत गेला आणि एकेक पाइप उखडला गेला. पुढच्या पावसाळ्यानंतर ओढ्यात पुन्हा खेकडे दिसले. पण दत्तानं बोलणं टाकलं, तो नवलाख उंबरे या गावी कारखान्यात लागला आणि तिथंच खोली घेऊन राहिला. इकडे बंगलेवाल्यांनी आवई उठवली की म्हातारीला सगळं आधीपासून ठाऊक होतं, सापडल्यावर साळसूद झाली. हद्द म्हणजे वाडीतल्या काहीजणींनाही ते पटलं! विहिरीवर मावशी आल्या की कुजबुज थांबायची. मी भांडायला उठले, तर मावशींनी मलाच दटावलं, "बोलू द्या. तुमी आदी बंधारा बघा." माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा तांदळाच्या भाकऱ्या बांधून रोज एसटीनं येणारी ही बाई, तिच्या सचोटीवर लोक शंका घेतात, याचा राग माझ्या मनातून कधी गेला नाही.

मावशींच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आणि अडले. दत्ताचं नाव घालावं का? मावशींना विचारलं. म्हणाल्या, "घाला. झाकून काय ठिवायचं?" तरीही मी दत्ताला फोन केला.

"लिहा," तो म्हणाला. "काकू, येक मातर लिहा. आय आंदर मावळात मामाकडं लग्नाला गेलती तवा म्या पाइप जोडला. तिला सांगितलं असतं, तर तिनं त्याच दिशी बंगला बंद केला असता. म्हणून न्हाई सांगितलं. लोक तिला नावं ठेवत व्हते ते माज्या कानावर येत व्हतं. मी गप ऱ्हायलो."

मी सुन्न झाले. इतकी वर्षं आईला लोकांची बोलणी खाऊ दिली पोरानं! आणि त्या माउलीनं 'मला ठाऊक नव्हतं' एवढं एक वाक्यही कधी स्वतःसाठी उच्चारलं नाही. तसं म्हटलं असतं तर सगळा दोष एकट्या लेकाच्या डोक्यावर गेला असता. मी त्याला म्हटलं, "समारंभाला ये आणि हे स्वतःच्या तोंडानं सांग."

"तोंड न्हाई मला. तुमी वाचा. मी दाराशी उभा ऱ्हातो."

गौरव समितीनं हा लेख पंचाहत्तरीच्या समारंभात वाचायला मला परवानगी दिली आहे, म्हणून शेवटचे दोन शब्द थेट मावशींशी बोलते. मावशी, तुम्हाला खूप आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत आणि ओढ्याचा चढ तुम्ही अशाच आमच्यापुढे चढत राहा, ही इथं जमलेल्या प्रत्येकाची इच्छा आहे. टाळ्या नंतर होतील. दत्ता दाराशी उभा आहे. आम्ही बोलावून तो आत यायचा नाही. तुम्ही हाक मारा.