शेऱ्याचा रकाना

थीसिस लिहिलेल्या माणसाला "थीसिसमध्ये काय होतं?" असं चुकूनही विचारू नका. तो खरंच सांगत बसेल! विचारायचंच असेल तर "थीसिसमध्ये काय बसलं नाही?" असं विचारा. मग बघा, चहा दोनदा गरम करावा लागतो की नाही.

आमच्या तक्त्यात सहा रकाने असायचे. नाव, वय, धंदा, मेहनतीआधीची नाडी, मेहनतीनंतरची नाडी, आणि अगदी शेवटी, बोटभर रुंदीचा, 'शेरा'. पहिले पाच थीसिसमध्ये गेले. सहावा आमच्याकडेच राहिला. इतकी वर्षं झाली, अजून पुरता रिकामा होत नाही.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, सोलापुरातली. पदवी घेतलेल्यांसाठी मुंबईच्या एका संस्थेनं व्यायामशास्त्राची वरची परीक्षा काढली होती. एक वर्ष अभ्यास, एक गाईड, एक थीसिस. आम्ही तिघे बसलो होतो. मी, साळ्यांच्या घरातला व्यंकटेश, आणि दुधनीचा सिद्राम. गाईड एकच, डॉक्टर तेरदाळकर. बुटके, जाड चष्म्याचे आणि भयंकर तापट! त्यांनी स्वतः जन्मात एक जोर मारला नव्हता. कुणी टोकलं तर म्हणायचे, "मी व्यायाम करत नाही, म्हणून तर त्याच्याबद्दल माझं मत निःपक्षपाती आहे!"

आम्ही दोघे नापास झालो असतो तर फार बिघडलं नसतं. सिद्रामचं तसं नव्हतं. तो आदल्या वर्षी एकदा नापास झालेला. दुधनीत वडिलांची अडत होती, आणि त्यांनी बजावलं होतं, "ह्या खेपेला पास झालास तर शाळेत व्यायामाचा मास्तर हो, मी आडवा येत न्हाय. न्हाय झालास तर दुकानाच्या गादीवर येऊन बसायचं, जन्मभर." सिद्राम पळणारा गडी. स्टेशनापासून तळ्यापर्यंत उगाच पळत जाणारा. त्याला गादीवर मांडी घालून बसवणं म्हणजे काय, ते आम्हाला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळायचं.

*

व्यंकटेशचा विषय होता मागावर बसणाऱ्यांची नाडी. त्यात पहिली अट अशी, की माणसाला दहा मिनिटं निवांत आडवं करायचं आणि मग विश्रांतीची नाडी मोजायची.

पहिलाच गडी गिरणीतली रात्रपाळी करून, घरी दोन तास माग चालवून मग आलेला. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर आडवा झाला आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागला! व्यंकटेश बिचारा स्टॉपवॉच घेऊन उभा. उठवावं तर माणूस दचकणार, नाडी पळणार. न उठवावं तर ती झोपेची नाडी, विश्रांतीची नव्हे.

त्यानं आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर बाहेर आले, त्या माणसाकडे बघत राहिले. मग स्वतःची शाल आणून त्याच्या अंगावर टाकली आणि तक्ता हातात घेऊन शेरा लिहिला, "नाडी मिळाली नाही. माणसाला झोप मिळाली."

त्या दिवशी पुढचे तीन पेशंट त्यांनी उभ्यानं तपासले, कारण बाक एकच होता.

*

माझा विषय पैलवानांच्या छातीचा, म्हणजे माझ्या तक्त्यात नाडीच्या जागी छातीचं माप. श्वास घेण्याआधी किती, घेतल्यावर किती. सोपं काम! टेप घेऊन तालमीत गेलो, तर वस्तादांनी दारातच अडवलं.

"ते गुंडाळ आदी."

"का हो वस्ताद?"

"शिंप्यानं कापडाला माप घालावं. पैलवानाला माप घातलं की वाढ खुंटती."

तासभर हुज्जत घातली. शेवटी एक तोड निघाली. टेप लावायचा नाही. काळा दोरा चालेल, कारण काळा दोरा नजर काढतो! दोरा छातीभोवती धरायचा, तेवढा तोडायचा, आणि घरी जाऊन मोजायचा. मी खूश. अकरा पैलवान, बावीस दोरे. ऐटीत डॉक्टरांसमोर खिसा उलटा केला.

डॉक्टरांनी एक दोरा उचलला. दुसरा उचलला. "हा कुणाचा?"

मी दोरे उलटेपालटे करून बघायला लागलो.

"आणि ह्यातला श्वास घेतलेला कुठला?"

एकाही दोऱ्याला खूण केली नव्हती!

"ठीक आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले, आणि ते शांत झाले की आम्ही जास्त घाबरायचो. "आता असं कर. एकेका दोऱ्याला छाती फुगवायला सांग!"

परत तालमीत गेलो. वस्तादांनी कपाळावर हात मारला. "एकदा मोजलं ते मोजलं. आता वाढ खुंटली तर ह्यास्नी दूध तू पाजणार हायेस काय बे?" पण बिचाऱ्यांनी परत अकरा जणांना उभं केलं, आणि ह्या वेळी दोऱ्यांना गाठी मारायला स्वतः बसले.

*

सिद्रामचा विषय व्यायाम करणारे आणि न करणारे ह्यांच्या नाडीतला फरक. त्यासाठी त्याला कमी कष्टाचे धंदेही हवे होते. दिवसभर बसून काम करणारे. त्यानं स्टेशनावरच्या एका टांगेवाल्या चाचांना गाठलं. चाचा टांग्यावर ऐटीत बसलेले. सिद्रामनं अदबीनं मनगट धरलं, घड्याळ काढलं.

चाचांनी हात सोडवून घेतला. "मेरा हात कायकू पकडताय साब? मेहनत तो घोडा करताय. उसका देखो!"

आणि खरंच खाली उतरून त्यांनी घोड्याचा कान वर करून दाखवला. सिद्राम म्हणतो, त्यानं घोड्याची नाडी शोधायचा प्रयत्नही केला. सापडली नाही. शेऱ्यात मात्र घोड्याचं वय लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

*

आता सिद्राम आदल्या वर्षी नापास का झाला, ते सांगतो. त्यातच सगळं आहे.

तेव्हा त्याचा गाईड वेगळा होता आणि सिद्राम घाईत होता. काही माणसं ठरलेल्या दिवशी आली नाहीत. त्यानं त्यांच्या नाड्या अंदाजानं भरल्या. अंदाज इतका सरळसोट, की मुंबईच्या परीक्षकांनी एकच ओळ लिहून थीसिस परत पाठवला. "हे आकडे माणसांचे वाटत नाहीत."

ती ओळ सिद्रामच्या जिव्हारी लागली होती. डॉक्टरांकडे आला तो पहिल्याच दिवशी ते पत्र टेबलावर ठेवून म्हणाला, "आधी हे वाचा, मग मला घ्यायचं का ठरवा." डॉक्टरांनी वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "खोटं तुझं तूच दाखवलंस. म्हणजे अर्धा अभ्यास झाला. उद्यापासून ये."

*

आणि मग तक्त्यात बिरूमामा आला.

बिरूमामा सांगोल्याकडचा धनगर. शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी महिनाभर मेंढरं बसवली होती, आणि बायकोच्या डोळ्याचं औषध न्यायला दवाखान्यात यायचा. सिद्रामनं त्याला धरलं.

"मामा, व्यायाम करता का?"

"न्हाय बा. आमाला कुटं येळ?"

"जोर, बैठका, काहीच नाही?"

"लगनातसुदिक नाचलो न्हाय मी."

झालं! सिद्रामनं त्याला 'व्यायाम न करणारे' ह्या गटात सातवा नंबर दिला. बाकावर निजवून दहा मिनिटांनी नाडी मोजली. सेहेचाळीस! कसलेल्या माणसाची नाडी सावकाश चालते, पण वस्तादांच्या तालमीतल्या सगळ्यात तयार पैलवानाचीसुद्धा साठ होती. चार आठवड्यांत सात वेळा मोजली. सेहेचाळीस, सत्तेचाळीस, परत सेहेचाळीस.

डॉक्टरांनी मामाला विचारलं, "दिवसभर करता काय?"

"काय न्हाय. मेंढरामागं चालतो."

"किती चालता?"

"मेंढरं चालतील तितकं."

डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अरे सिद्राम! ह्या माणसाला 'व्यायाम न करणारा' म्हणतोस! मग करणारा कोण, मी?" पण गट बदलू दिला नाही. "तू विचारलंस, त्यानं सांगितलं, तू लिहिलंस. आता त्याच्यापुढं शेरा लिही आणि तसंच पाठव."

तसंच पाठवलं. मुंबईहून उत्तर आलं. परीक्षक तेच, मागच्या वर्षीचे! "क्रमांक सातचा आकडा अशक्य वाटतो. नोंद काढून टाकावी. ठेवायचीच असेल तर तोंडी परीक्षेला तो मनुष्य समक्ष हजर करावा. तो न आल्यास किंवा आकडा न जुळल्यास प्रबंध नामंजूर." परीक्षा आठ दिवसांवर, आणि बिरूमामा मेंढरं घेऊन केव्हाच निघून गेलेला.

डॉक्टर पहिल्यांदाच नरमाईनं बोलले. "खोडून टाक बाबा. एक माणूस काढल्यानं तुझा निष्कर्ष बदलत नाही. मी गाईड म्हणून सांगतोय."

"डॉक्टरसाहेब," सिद्राम म्हणाला, "मागच्या खेपेला नसलेला आकडा घातला म्हणून नापास झालो. आता असलेला काढून पास होऊ व्हय?"

मला त्याचा इतका अभिमान वाटला! आणि रागही तेवढाच आला. कारण दुधनीची ती गादी मला दिसत होती.

तो निघाला. सायकल नाही, काही नाही. मेंढरं ज्या रानात बसली होती तिथून विचारत विचारत पुढच्या रानात, तिथून पुढच्या. आम्ही रोज दवाखान्यात जाऊन बसायचो. डॉक्टर काही विचारायचे नाहीत, पण दार वाजलं की मान वर करायचे.

सातव्या दिवशी दोघे आले. मेंढरं बायकोवर आणि भावावर सोपवून मामा आला होता. सिद्रामचे पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. मामा ताजातवाना. "ह्ये मास्तर लई गुणाचं हायेत," तो म्हणाला, "पर दर कोसाला बसत्यात."

*

परीक्षा दवाखान्यातच झाली. परीक्षक कोटातले, कडक इस्त्रीचे, फार मोठे विद्वान. आल्या आल्या त्यांनी दोन अटी घातल्या. मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि गाईडनं तर मुळीच नाही. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. आम्ही दारात उभे. मामाला बाकावर निजवलं. दहा मिनिटं कुणी हललं नाही.

मग परीक्षक पुढं वाकले. मामाचं मनगट मुठीत धरलं, दुसऱ्या हातात घड्याळ घेतलं आणि पूर्ण एक मिनिट मोजलं.

"चौऱ्याहत्तर."

सिद्रामच्या तोंडचं पाणी पळालं. "अय्यो शिवने," एवढंच पुटपुटला. परीक्षकांनी प्रबंधाचं पहिलं पान उघडलं आणि पेनचं टोपण काढलं. डॉक्टरांची पाठ आमच्याकडे होती. त्यांचे खांदे पडलेले मला दिसले. चार महिन्यांची मेहनत, सात दिवसांची पायपीट, सगळं गेलं!

तेवढ्यात बाकावरून मामा म्हणाला, "सायेब, रागावू नगा. आंगठा काडा की."

"काय?"

"तुमी आंगठ्यानं धरलाय. आंगठ्याला सवताची नाडी आसती. धरणाऱ्याला धरणाऱ्याचीच लागती. पयल्या दिशी ह्या मास्तरांनीबी तसंच केलतं, तवा डागदर लई वरडलं त्यास्नी. दोन बोटं ठिवा, हितं, हाडाच्या बाजूला."

परीक्षकांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. मग दोन बोटं ठेवली. एक मिनिट मोजलं. घड्याळ कानाला लावून चालू आहे का बघितलं आणि परत एक मिनिट मोजलं.

"सेहेचाळीस," ते हळू आवाजात म्हणाले. पहिल्या पानावर 'मंजूर' लिहिलं, खाली सही केली, आणि उभं राहून सिद्रामचा हात हातात घेतला. डॉक्टर अजून भिंतीकडेच तोंड करून होते, फक्त चष्मा हातात होता.

मामा उठून बसला. घोंगडं खांद्यावर टाकलं. टेबलावरच्या तक्त्याकडे बोट दाखवून त्यानं अगदी मनापासून विचारलं,

"आन् सायेब, ते मगाचं चौऱ्याहत्तर कुनाच्या नावावर मांडायचं?"