दोरीवरची पुस्तकं

आमच्या मामेसासऱ्यांइतका फुकट देण्याचा हट्ट धरणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात नसेल, आणि फुकट देणाऱ्याचं जे व्हायचं ते त्यांचंही झालं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर ते गावी आले आणि रोज संध्याकाळी पडवीत पोरांना वाचायला शिकवू लागले. पैसे घेत नाही म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं ठरवून गावाने आधी पोरं पाठवलीच नाहीत. मग घरात लुडबुड नको म्हणून पाठवली. पुस्तक कपाटात गेलेलं मामांना खपत नसे. पडवीभर दोरी ताणून चिमट्यांनी पुस्तकं लटकवलेली; लेंग्याशेजारी वाघाची गोष्ट, बनियनशेजारी चंद्राची माहिती. पोर अडखळलं तर म्हणत, "गर्दी हाय, सावकाश चढ." पूर्णविरामावर न थांबता सुटलं की मात्र ओरडत, "मेल्या, थांबा गेला मागे! माणसां उतरायची ऱ्हायली!" गोष्टीचा शेवट त्यांनी कुणाला कधी सांगितला नाही. "आपला आपण जाऊन बघायचा," एवढंच उत्तर. माझीच एक अर्धी वाचलेली कादंबरी नेऊन त्यांनी मलाही शेवट सांगितला नव्हता.

गावावरचं प्रेम मुंबईकरांना गणपतीत आणि शिमग्यात येतं. एका गणपतीत गावच्या मुंबईकर मंडळाने ही दोरी पाहिली. "पुस्तकांचे काय हे हाल!" म्हणून सगळे हळहळले आणि देवळाजवळच्या खोलीत त्यांनी चक्क वाचनालय उघडलं. काचेचं नवंकोरं कपाट, शाल, श्रीफळ, न संपणारी भाषणं. मामांनी लहान मुलासारखं खुश होऊन एकूण एक पुस्तक स्वतःच्या हाताने कपाटात लावलं. कार्यवाहांनी कुलूप घातलं आणि हरवायला नको म्हणून किल्ली मुंबईला नेली.

तिसरीतली एक मुलगी तेव्हा नुकती जुळवून वाचू लागली होती. तिचा वाघ खाडीच्या मधोमध पोहत होता आणि नेमकं तिथेच पुस्तक आत गेलं. ती रोज काचेला नाक लावून उभी राही. मामांनी फोन केला. "काका, शिमग्याला येतोच आहोत. पुस्तकं सुरक्षित आहेत ना?" कार्यवाह म्हणाले. मी म्हटलं, कुलूप फोडा. "मंडळाचा कुलूप फोडलान म्हणून गावात दोन तट पडतील," मामा म्हणाले, "मग पोरां कोण पाठवील?" त्यांचं खरं होतं, म्हणून मला अधिकच चीड आली.

शिमग्याला पालखीबरोबर किल्ली आली. बाहेरून पुस्तकं जशीच्या तशी दिसत होती. कपाट उघडून मामांनी वाघाची गोष्ट ओढली तर हातात पुठ्ठा आला, आणि मागोमाग वाळवीची माती; बाकीच्यांचंही तेच. कार्यवाह म्हणाले, "अरेरे, पुढच्या वर्षी लोखंडी कपाट करू."

मामा पायरीवर बसले. मुलगी समोर उभी होती. जन्मात पहिल्यांदाच शेवट सांगायला त्यांनी तोंड उघडलं, "गे बाय, तो वाघ ना, पलीकडे..."

"नको सांगू, आजोबा," ती म्हणाली. "माका वाचायचा होता."

त्यानंतर ती पडवीत आली नाही. दोरी अजून तशीच आहे. संध्याकाळ झाली की मामा दोरीवरचा आपला लेंगा काढून घडी करून आत ठेवतात आणि चिमटे मात्र तसेच राहू देतात.