वश्याचा उलटा पंखा

वश्या गेला.
आता जळायला कुणी उरलं नाही मला.

सकाळी माधवनगरहून वहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले." एवढंच बोलल्या.

तुमच्यातले काही जण त्याला वसंतराव म्हणून ओळखत असतील. सांगलीत वर्कशॉप चालवणारा, कुणाच्याही लग्नात स्वतःहून पंगत वाढणारा. माझ्यासाठी तो वश्या. कराडच्या कॉलेजातला रूम पार्टनर.
आणि माझी जन्माची पोटदुखी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्हा दोघांना विमानांची मॉडेलं करायचा नाद. बाल्सा लाकूड, टिश्यू पेपर आणि रॉकेल-ईथर-एरंडेलावर चालणारं मुठीत मावेल एवढं डिझेल इंजिन. विमानाला दोन तारा बांधायच्या, आपण मध्ये उभं राहायचं आणि ते गोल गोल उडवायचं.

बाकी सगळं जमायचं, घोडं अडायचं पंख्यापाशी. म्हणजे प्रोपेलर. उतरताना विमानाचं नाक घासलं की पंखा मोडलाच, आणि नवा अख्ख्या सातारा-सांगलीत मिळायचा नाही.

त्या वर्षी कराडच्या धावपट्टीवर स्पर्धा ठरली. खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करायची आणि उडवून दाखवायची.
पहिल्या नंबराला बक्षीस काय, तर खऱ्याखुऱ्या दोन सीटच्या विमानातून एक चक्कर.

मला ती चक्कर हवी होती. इतकी हवी होती की जेवण जाईना.

दोघांनीही स्पिटफायरच करायला घेतलं. महायुद्धातलं लढाऊ विमान; आपल्या हवाई दलात त्याचा जो शेवटचा प्रकार होता, तोच. मासिकातला एकच फोटो, तोही एका बाजूनं काढलेला.

माझे मामा फौजेत सुभेदार. त्यांनी मुंबईहून मला इंपोर्टेड पंखा आणून दिला. काळा, नायलॉनचा. मी कानस लावून त्याची टोकं फोटोतल्यासारखी गोल केली, ब्लेडच्या धारेवर तोलून बघितला आणि सगळ्या होस्टेलला दाखवत फिरलो.
वश्याला लांबूनच दाखवला. हातात दिला नाही.

"लय भारी हाय गड्या," तो म्हणाला. "मी बघतो, गिरणीत काय घावतंय का."

त्याचे वडील माधवनगरच्या कापड गिरणीत. तिथनं यानं एक मोडकी काठी आणली. मागावर धोट्याला टोला मारते ना, ती. वर्षानुवर्षं आपटून आपटून पक्की झालेली. पटाशी आणि फुटक्या काचेचा तुकडा घेऊन हा कोरत बसला.

वश्या डावखुरा. जेवण सोडून सगळं डाव्या हातानं.

पंखा असा देखणा झाला की मी त्याच्याकडं बघायचंच सोडून दिलं.

मग होस्टेलमागच्या मैदानात इंजिन चालू केलं. आणि विमान मागं सरकायला लागलं.

"आरं, ह्ये मागं का जातंय रं?"

पात्यांचा पीळ उलटा पडला होता! डाव्या हातानं डावाच पंखा कोरला होता पठ्ठ्यानं.
मी पोट धरधरून हसलो. एवढा आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

दुसरी काठी नव्हती. स्पर्धा तोंडावर. वश्या जरा वेळ डोकं खाजवत बसला. मग त्यानं पंख्याला उलट्या दिशेनं झटका दिला.
त्या हरामखोर डिझेल इंजिनाला कुठल्याही बाजूनं फिरलं तरी चालायचं. ते उलटं फिरायला लागलं आणि विमान पुढं पळालं.

"जमलं की रं सुऱ्या!"

स्पर्धेचे परीक्षक हवाई दलातून रिटायर झालेले. माझं विमान सुरेख उडालं. वश्याचंही उडालं, पण साहेब त्याच्या पंख्यापाशी वाकून थांबले.
"हा उलटा कसा?"

आता खोटं बोलेल, मला वाटलं. पण नाही.
"चुकलंया सर. मी डावरा हाय, पीळ उलटा पडला."

माझ्या मनात लाडू फुटले.

साहेब हसले. "चुकलं नाही. या शेवटच्या स्पिटफायरचं इंजिन वेगळं होतं. पंखा उलटाच फिरायचा. मी स्वतः चालवलंय."
मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझा चुकीचा आहे."

इंपोर्टेड पंखा चुकीचा. गिरणीतली मोडकी काठी बरोबर. पहिला नंबर वश्याचा.
सांगा, जळू नको तर काय करू?

वश्या खऱ्या विमानापाशी गेला आणि पायातल्या चपला काढल्या. पायलट म्हणाला, अरे राहू दे. "नगं सर, आत घाण हुईल." चपला माझ्या हातात दिल्या. "धर रं."

विमान वर गेलं, कृष्णा-कोयनेच्या संगमावरून वळलं. खाली मी, त्याच्या चपला हातात घेऊन.


उतरल्यावर धावत आला. "पुढच्या टायमाला तू आधी. आईची आन!"

पुढचा टाइम आलाच नाही. स्पर्धा परत झालीच नाही.

नंतर मी विमानानं पुष्कळ फिरलो. खिडकीशी बसूनसुद्धा. प्रत्येक वेळी वश्याच आठवला आणि प्रत्येक वेळी जळलो. तो मात्र परत कधी विमानात बसला नाही. "त्यात काय मजा? दार लावून घेत्यात," म्हणायचा.

तो पंखा त्याच्या शोकेसमध्ये असायचा. मी गेलो की काढून माझ्या हातात द्यायचा.
"उलटा आहे," मी म्हणायचो.
"म्हणून तर!" आणि खदाखदा हसायचा.

आज दुपारी साताऱ्याहून पोचलो. दारात गर्दी. उंबऱ्यापाशी त्याच्या चपला. मी कधी उचलल्या ते मलाच कळलं नाही. त्याला बाहेर आणलं, नेलं, तरी त्या माझ्या हातातच होत्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ठेवा आता त्या."

ठेववल्या नाहीत मला.

पुढच्या टायमाला तू आधी, म्हणाला होतास.
आईची आन घेतली होतीस, खोटारड्या.

जा वश्या, सुखानं जा.
चपला धरून मी उभा आहे.