‘नाही’चं बटण नसलेला संगणक

आमच्या वर्तकनगरच्या घरात बाबा कुणालाही तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. विमा एजंट असो, नाहीतर माझ्यासाठी स्थळ घेऊन येणारी मावशी असो, उत्तर एकच, “बघू नंतर.” समोरचा शहाणा असला की चहा संपवून उठतो.

आमचा संगणक शहाणा नव्हता. तो रोज विचारायचा, नवीन आवृत्ती टाकू का? बटणं दोनच, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. बाबा रोज सभ्यपणे ‘नंतर’ दाबायचे आणि दोन आठवड्यांत त्यांची खात्री पटली की मेल्याला नकार कळला. बाकीच्या चौकशा चालूच. तुम्ही कुठे आहात ते पाहू का, माइक ऐकू का, फोन जोडू का. तळमजल्यावरच्या काकूसुद्धा इतक्या चौकशा करत नाहीत, आणि केल्याच तर निदान वाटीभर काहीतरी घेऊन येतात. फोनच्या प्रश्नाला वैतागून एकदा मीच ‘होय’ दाबलं आणि विसरून गेले.

मग डोंबिवलीचं स्थळ आलं. ‘आलं’ हे बाबांच्या समजुतीप्रमाणे. खरं तर आमचं आठ महिन्यांपासून जमलं होतं आणि मावशीला फितवून ते स्थळ मीच आणवलं होतं. मुलाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून पहिली बोलणी रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर ठरली. बाबांनी वर इस्त्रीचा शर्ट घातला, खाली लेंगा. पत्रिका, नोकरी, तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं, सगळं झालं. बाबांनी ‘बघू’ म्हणू नये म्हणून मी मागे उभी राहून देव पाण्यात घातले होते. शेवटी मुलाच्या वडिलांनी विचारलं, “मग, पसंत आहे ना?”

बाबांनी तोंड उघडलं आणि पडदा निळा झाला. ‘अद्यतन सुरू आहे. संगणक बंद करू नका.’

अद्यतन म्हणजे काय ते बाबांना कळलं नाही, पण बंद करू नका एवढं कळलं. ते मांडीवर हात ठेवून आज्ञाधारकपणे बसून राहिले. आकडा सदतीस टक्क्यांवर अडकला. डोंबिवलीत याचा एकच अर्थ निघणार होता, मुलीच्या बापाने फोन आपटला. मुलाचा नंबर मला पाठ होता, पण तो पाठ का आहे हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगणार?

वीस मिनिटांनी संगणक शुद्धीवर आला. आधी त्याने आमचं स्वागत केलं. मग कुणी न विचारता ‘तुमच्या सुंदर आठवणी’ म्हणून माझ्या फोनमधला एक फोटो पडदाभर लावला. टिटवाळ्याच्या गणपतीच्या देवळाबाहेर मी आणि डोंबिवलीचा मुलगा, एकाच शहाळ्यात दोन स्ट्रॉ. मैत्रिणीबरोबर जाते असं घरी सांगून गेले होते, त्या दिवशीचा. आई पटकन स्वयंपाकघरात गेली, बहुतेक हसायला. मला मात्र धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

बाबांनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला.

“त्याचा नंबर असेलच तुझ्याकडे. लाव,” ते म्हणाले.

मी लावला. त्याने फोन वडिलांच्या हातात दिला आणि त्यांनी जरा घाबरतच पुन्हा तोच प्रश्न विचारला.

“पसंत आहे,” बाबा म्हणाले. “आमच्या संगणकाला आधीच माहीत होतं. आम्हाला त्याने आत्ता कळवलं.”