तात्यांना पडलेली दोन मतं

तात्या आयुष्यात एकदाच निवडणुकीला उभे राहिले. दोन मतं पडली.
त्यातलं एक त्यांचं स्वतःचं.

आज सकाळी तात्या गेले.

बौद्धवाडीत त्यांचं आणि आमचं घर समोरासमोर. त्यांची शाळा चौथीत सुटली, माझी दहावीत. पण हैती नकाशात कुठे आहे, हे अख्ख्या खालापूर तालुक्यात बहुधा आम्हा दोघांनाच माहीत होतं.

तरुणपणी तात्या जहाजावर होते. इंजिनरूममध्ये ऑइलमन. एकदा इंजिन बिघडलं आणि जहाज हैतीच्या बंदरात अडकून पडलं. तिथे जोसेफ नावाचा एक हमाल त्यांचा दोस्त झाला.
दोघांचं इंग्लिश सारखंच मोडकं. म्हणून जमलं.

जोसेफने सांगितलं, आमच्याकडे बाप मेला की मुलगा देशाच्या गादीवर बसतो. लोकांना विचारतात तेव्हा मतपत्रिकेवर 'होय' आधीच छापलेलं असतं.

तात्या हसले. म्हणाले, आमच्या गावात तर कागदसुद्धा लागत नाही.

लागत नव्हताच.
ग्रामपंचायत कायम बिनविरोध. गावकीची माणसं देवळात बसून नावं ठरवायची आणि नारळ फोडायची. मग त्या खोबऱ्याचा तुकडा घरोघर जायचा. त्याला शेरणी म्हणतात. शेरणी खाल्ली म्हणजे तुमचा होकार.

आमची माणसं छप्पन सालापासून देवळाची पायरी चढत नाहीत. पण शेरणी आमच्याकडेही यायची. पानात गुंडाळून, दारातूनच.
आमच्या वाडीचा मेंबरसुद्धा त्याच देवळात ठरायचा.

जहाज सुटायच्या आधी दोघांनी एकमेकांना शब्द दिला. जोसेफ म्हणाला, माझ्या देशात खरं मतदान झालं तर रांगेत पहिला मी.
तात्या म्हणाले, मग माझ्या गावात उभा राहणारा पहिला मी.

पुढे तात्या जहाज सोडून जवळच्या चौक गावात गॅरेजमध्ये लागले.
शहाऐंशी साली रेडिओवर बातमी आली. हैतीचा हुकूमशहा पळाला. आता निवडणूक होणार, नवा देश उभा राहणार.
तात्यांनी गॅरेजमध्ये पेढे वाटले. कशाचे, ते कुणालाच कळलं नाही. दोन ड्रायव्हरांनी मुलगा झाला का म्हणून विचारलं.

दुसऱ्या वर्षी हैतीत मतदान ठरलं. त्याच हिवाळ्यात आमच्या पंचायतीचंही.
तात्यांनी खालापूरला जाऊन फॉर्म भरला.

गावकीने काही म्हटलं नाही. फक्त शेरणी पाठवली.

तात्या गॅरेजवर होते. त्यांच्या आईने पान उघडलं, खोबरं बघितलं आणि बोंबलाच्या कालवणात वाटून टाकलं. खोबरं कोण फेकतं?
तात्या घरी येऊन पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी गावकीचा माणूस दारात. आवाज मधासारखा.
"म्हातारे, खोबरं ग्वाड व्हतं का गं?"
"कालवनात घातलं. बरं व्हतं की."

बस. त्याला तेवढंच हवं होतं.

दुपारपर्यंत गावभर झालं. शेरणी खाऊन तात्या उलटला. अशा माणसाचं वाईट होतं, आणि त्याला साथ देणाऱ्याचंही.

आमच्या वाडीने देव सोडला होता. देवाची भीती सोडली नव्हती. शिवाय निम्मी वाडी गावकीच्याच शेतात मजुरीला जायची. ती भीती तर कुठल्याच प्रतिज्ञेने जात नाही.

आई रडत बसली. तात्या तिला म्हणाले, "आये, रडू नको. कालवन झ्याक झालं व्हतं."

आणि मग रेडिओवर दुसरी बातमी आली.
हैतीत मतदानाच्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर गोळ्या घातल्या. माणसं मेली. मतदान रद्द.

जोसेफ रांगेत पहिला असणार होता.

मी लहानपणापासून तात्यांच्या तोंडून हे ऐकत आलो. इथे आले की ते दर वेळी म्हणायचे, "तिकडं बंदुका लागल्या रं. आमाला खोबऱ्याचा तुकडा पुरला."

लोकांनी समजावलं, आता तरी गप बस.
"त्यो रांगेत व्हता," तात्या म्हणाले. "मी घरात कसा बसू?"

मतदानाच्या दिवशी वाडी मात्र घरात बसली. तात्या चुना मारलेल्या भिंतींच्या कडेने एकटेच शाळेत चालत गेले.

मोजल्यावर दोन निघाली.

दुसरं आईचं नव्हतं. ती घाबरून उंबऱ्याबाहेर पडलीच नव्हती. मग कुणाचं? मी किती वेळा विचारलं.
"गुप्त मतदान हाय ना? मग गुप्तच राहू दे."

त्यानंतर तात्यांनी खोबरं खाल्लं नाही. लग्नाच्या पंगतीतही वाढणाऱ्याला आधी विचारायचे. लोक हसायचे.

आणि अधूनमधून माझ्या दारात यायचे. "बघ रं मोबाईलवर. झालं का तिकडं मतदान?"
मी शोधायचो. बहुतेक वेळा पुढे ढकललेलं असायचं.
"व्हईल," म्हणायचे आणि परत जायचे.

आमची पंचायत आजही बिनविरोध आहे. त्याबद्दल गावाला बक्षीसही मिळालंय.

आज नाक्यावर तात्यांचा बॅनर लागलाय. तात्यांचा फोटो लहान, हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे मोठे. सगळ्यात मोठा फोटो, खोबरं गोड होतं का विचारणाऱ्याच्या मुलाचा.

आणि एक सांगायचंय. लिहू की नको, दुपारपासून ठरत नव्हतं.

आज स्मशानात तीन म्हाताऱ्यांनी मला बाजूला घेतलं. वेगवेगळं, एकमेकांच्या नकळत. तिघांनीही हळू आवाजात एकच सांगितलं.
"ते दुसरं मत माजं व्हतं."

तिघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.
मत एकच होतं.

तात्या, हैतीची बातमी मी बघत राहीन.
जय भीम.