तवा नाना आणि कानबाईचा चौरंग

तवा नाना गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणत नसत, ‘काय?’ म्हणत. त्या ‘काय’मध्ये एवढी धग असे की नवखा माणूस पायरीवरूनच ‘काही नाही, सहज’ म्हणत मागे फिरे. धुळ्यात बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांचं जुन्या लाकडी सामानाचं दुकान होतं. पलंग, पेटारे, झोपाळे, आरशाची कपाटं, सगळं एकावर एक. पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण माणूस कायम तापलेला, म्हणून गावाने ‘तवा’ करून टाकलं. तोंडावर अर्थात नुसतं नाना.

‘शो-पीस’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा नाशिकचा एक घरं सजवून देणारा तरुण आला होता. कोपऱ्यातल्या शिसवी देव्हाऱ्यावर हात फिरवून म्हणाला, “मस्त आहे, काका. एका पार्टीच्या घरी बाटल्या ठेवायला शोभेल.” नाना शांतपणे म्हणाले, “तुझ्या आजोबाचा फोटो असेल ना घरात? त्याच्या गळ्यात लटकव बाटल्या. तोही शोभेल.” पुढचं शांतपणे म्हणाले नाहीत. तो तरुण गाडीत बसला तेव्हा त्याची एक चप्पल दुकानातच होती.

वस्तू पसंत पडली की नाना मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी करत. “कोठे ठेवशी? ऊन येतं का तिथे? भिंतीला ओल शे का? घरात कोणी पाय वर टाकून बसणारं आहे का?” उत्तरं पटली नाहीत तर वस्तू नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका पेटाऱ्याकडे बोट दाखवून “किती जुना आहे?” एवढंच विचारलं. “तुझ्यापेक्षा शहाणा आहे, एवढा जुना,” असं म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं.

मी तरी कुठला शहाणा असणार! जळगावात नवा फ्लॅट घेतला होता आणि रात्रंदिवस मोबाइलवर लोकांचे दिवाणखाने बघून मला ‘विंटेज’ नावाचा ताप भरला होता. बायको म्हणाली, “गावी असोद्याला तुमच्या आईने जुना पाट दिला तर माळ्यावर टाकलात. आता पैसे मोजून जुनं आणताय?” मी रागावलो आणि पुन्हा धुळ्याची बस पकडली.

या खेपेला मला तो चौरंग दिसला. सागवानी, गुडघ्याएवढा उंच, कडेला वेलबुट्टी, चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या. मला तो दिवाणखान्यात चहाचं टेबल म्हणून हवा होता. नानांनी चौकशी सुरू केली आणि मी पापणी न लववता सांगितलं, “आईला पाहिजे, देवघरात.” नानांचा चेहरा इतका मऊ झाला की मला भीती वाटली. त्यांनी माझा पत्ता वहीत उतरवून घेतला आणि चहा मागवला. चौरंग स्वतःच्या हाताने जुन्या गोधडीत गुंडाळला आणि म्हणाले, “माउलीला माझा नमस्कार सांग.” मी तो चहा प्यायलो. आजही त्याची चव आठवली की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

घरी आल्यावर चौरंग उंच वाटू लागला. आम्हाला नव्या सोफ्यासमोर खाली गाद्या टाकून जपानी बैठक करायची होती. सुताराला बोलावून पाय चार-चार बोटं कापले. वर काच बसवायला भोकं पाडली. कोपऱ्यातल्या कड्या येता-जाता कपड्यांत अडकत, म्हणून त्या उपटून सुतारालाच देऊन टाकल्या. मी खानदेशात जन्मलेला माणूस! श्रावणात घरोघरी कानबाई ही देवी बसते, चौरंगाला केळीचे खांब बांधतात, सगळी भावकी एकत्र जमून प्रसादाचे रोट खाते, हे लहानपणापासून बघितलेलं. पण मी कायम रोट खायला पुढे आणि खांब बांधायला मागे. त्या कड्या खांबांसाठी असतात हे मला सुचलंच नाही.

श्रावण लागायच्या आधीच्या एका रविवारी दाराची बेल वाजली. मी चौरंगावर पाय टाकून मॅच बघत होतो. बायकोने दार उघडलं. दारात नाना, आणि त्यांच्या मागे नऊवारीतली एक म्हातारी, हातात कापडी पिशवी. नाना नेहमीच्या आवाजात, पण खुशीत होते. “चांगल्या घरी पडलाय तुमचा चौरंग, अक्का. देवघरात शे. या, तुम्हीच बघा.” आणि त्यांची नजर माझ्या पायांवर पडली.

झालं असं होतं की अक्का पिंपळनेरजवळच्या खेड्यातल्या. त्या सुरतेला लेकीकडे गेलेल्या असताना दोघा मुलांनी नव्या सोफ्याला जागा करायला जुनं सामान टेम्पोत भरून नानांना विकलं. त्यात घरातला कानबाईचा चौरंग गेला. अक्का परत आल्या, मुलांशी भांडल्या, आणि शोधत शोधत एकट्या धुळ्याला पोहोचल्या. कानबाई पंधरा-वीस दिवसांवर आली होती. चौरंग परत मिळतो की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं.

नाना मला जे बोलले ते छापता येणार नाही. शेजारच्या दोन्ही फ्लॅटची दारं उघडली. “खोटारड्या, आईचं नाव घेतलंस! त्या माउलीच्या नावावर टेबल केलंस!” मी “नाना, नाना” एवढंच करत होतो. अक्का मात्र चौरंगाजवळ खाली बसल्या होत्या. कापलेल्या पायांवरून, कड्यांच्या भोकांवरून त्यांनी बोटं फिरवली. मग मान वर केली आणि माझ्याकडे नाही, नानांकडे पाहिलं.

“याले काय बोलस रे? यानी तं इकत लिधा. तू कोनले इचारीसन लिधा?”

कोणाला विचारून घेतलास? माझ्यावर रोखलेलं नानांचं बोट खाली आलं.

“पोऱ्यास्नी आनी दिधा, तू ठेवी लिधा. त्यास्नी माय जित्ती शे का, एवढं तरी इचारं का?”

“नही इचारं,” नाना म्हणाले, आणि माझ्या नव्या सोफ्यावर बसले. एरवी फोमच्या सोफ्याला ते ‘गादीचं प्रेत’ म्हणत.

दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस मी रजा टाकून धुळ्यात होतो. नानांनी जुन्या सागाचे तुकडे काढून पायांना जोड दिले. घासायचं काम मला. पॉलिशपेपरच्या प्रत्येक फटक्याला एक शिवी. “उभं घास, गाढवा, आडवं नको. लाकडाला रेघ असते, तुझ्यासारखं ते कुठेही वळत नाही.” मधेच कोणी मुलगा आजीचं कपाट विकायला आला की नाना माझ्यावरचा राग त्याच्यावर काढत. सुताराकडून कड्या परत आणायलाही मलाच पिटाळलं. तीन मिळाल्या. चौथी त्याने कोणाच्या तरी बाथरूमच्या दाराला लावली होती आणि ते लोक पुण्याला निघून गेले होते.

चौरंग घेऊन आम्ही दोघं साक्रीमार्गे अक्कांच्या घरी गेलो. दोघे मुलगे हात जोडून उभे. नानांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अक्कांनी चौरंग हलवून बघितला, डगमगत नव्हता. चौथ्या कोपऱ्याला खांबासाठी सुतळी बांधली. म्हणाल्या, “बशी ती.” कानबाई बसेल, एवढंच. आम्हाला माफ केलं असं कुठेही नव्हतं. बाहेर ओट्यावर चहा आला. चहा पिताना नाना पुटपुटले, “चहा दिला तरी. मी असतो तर पाणीही दिलं नसतं. तुलाही नाही, मलाही नाही.”

त्यानंतर नानांचा धंदा बसला. बसला म्हणजे त्यांनीच बसवला. कोणी काही विकायला आणलं की ते आधी विचारत, “घरातली बाई कोठे शे?” मग स्कूटर काढून त्या घरी जात, थोरल्या बाईच्या तोंडून ‘न्या’ ऐकल्याशिवाय वस्तूला हात लावत नसत. दहातल्या आठ घरी ती बाई ‘नाही’ म्हणे आणि मुलगे नानांवर चिडत. टेम्पोवाले दुसऱ्या दुकानांकडे वळले. दुकान रिकामं होत गेलं, तसा नानांचा पारा चढत गेला. मी महिन्यातून एकदा जायचो. ते मला काही विकत नसत, पण शिव्या मात्र ताज्या ठेवलेल्या असत. डॉक्टरने राग करू नका म्हणून सांगितलं, तर ते त्या डॉक्टरवरच एवढे तापले की त्याने फी घेतली नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. तेराव्यानंतर मी त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला धुळ्याला गेलो, तर दारात टेम्पो. नाशिककडचा एक व्यापारी घरात उभा राहून नानांच्या पलंगाची नक्षी मोबाइलमध्ये टिपत होता. “ओरिजिनल पीस आहे. रिसॉर्टवाले उड्या मारतील.” माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मी त्याची कॉलर धरली. “लाज वाटते का? माणसाला जाऊन पंधरा दिवस नाही झाले! चालता हो!” गल्ली जमली. मला वाटलं, आज नानांना माझा अभिमान वाटला असता.

काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या.

“त्याले सोड. मीच बलावं त्याले.”

“काकू, पण हा नानांचा पलंग...”

“त्यांचा कशाचा? मना बापाने दिलेला शे, मना लग्नात. चाळीस वर्षं ह्यावर पडून त्यांची बोलणी ऐकली. आता लोखंडी खाटेवर जरा निवांत झोपीन म्हणते. तू मला विचारलंस का?”

मी नाही विचारलं होतं. व्यापारी कॉलर सारखी करत होता आणि हसू दाबत होता. मला त्याचा राग आला, काकूंचा आला, गेलेल्या नानांचाही आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

“असा उभा काय राहतोस? पायाकडची बाजू धर,” काकू म्हणाल्या. “आणि दारातून काढताना नक्षी घासू नको.”

मी पायाकडची बाजू धरली.